वसुधाताईंचे शेरे

वसुधाताई सामना कधीच बसून बघत नसत. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात त्या ओढणी कमरेला खोचून स्क्रीनसमोर उभ्या राहत आणि आधी आवाज बंद करत. "कॉमेंट्रीवाल्याला मॅच विकायची असते. आपल्याला पोरगा बघायचाय," म्हणत.

आमचं काम जरा विचित्रच. अमेरिकेत अंगावर धावून जाऊन आडवं पाडण्याचा जो फुटबॉल खेळतात, त्याचे व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडलेल्या प्रत्येकाची ओळख तिथल्या एका वेबसाइटसाठी आम्ही दुबईत बसून लिहायचो: ताकद काय, कच्चं काय, संघाला उपयोग काय. ताई या डेस्कच्या प्रमुख. मूळच्या डोंबिवलीच्या, शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या, मुलींना खो-खो खेळवणाऱ्या. यजमानांच्या नोकरीमुळे इथे आल्या, आकडे टाइप करायला लागल्या आणि बघता बघता हा खेळ शिकल्या.

'याला हे जमत नाही' असं कोणी लिहिलं, की त्या खोडून 'अजून जमलेलं नाही' करायच्या. "बावीस वर्षांचं पोरगं आहे ते. त्याचा निकाल लावणारे आपण कोण?"

मी नाशिकहून येऊन पाच महिने झाले होते. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं की बायको अश्विनी आणि दोन वर्षांची सई यांचा व्हिसा होणार होता. ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी घाईघाईत मी एका बचावपटूबद्दल लिहिलं, 'आळशी. उत्तरार्धात प्रयत्नच सोडतो.' इतर दोन साइटवर तसंच होतं. त्या गर्दीत ताईंनी वरवर वाचून ते सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "हेमंत, याच्या किती मॅच बघितल्यास?"

"हायलाइट्स बघितले, ताई."

"म्हणजे नाही बघितल्यास. उभा राहा इथे."

आम्ही ओळीने चार सामने पाहिले. दुसऱ्यात त्यांनी चित्र थांबवलं. "उठताना बघ. उजवा हात टेकतच नाही. अंगठा दुखावलाय त्याचा, लपवतोय. माझ्या मुली अशाच लपवायच्या, टीममधून काढतील म्हणून." पुढचे दोन्ही सामने तो एकाच हाताने खेळला होता आणि तरी मैदानाबाहेर गेला नव्हता. मी त्याला आळशी म्हटलं होतं.

संध्याकाळपर्यंत खेळाडूच्या कॉलेजनेच वेबसाइटला कळवलं, की मुलाच्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं. आमचे लेबनानी मॅनेजर भडकले. मला समोर उभं करून ताईंना इंग्रजीत म्हणाले, "हबीबती, हा माणूस नको. खलास."

माझ्या डोळ्यांसमोर नाशिकला भरून ठेवलेल्या बॅगा आल्या.

ताई शांतपणे म्हणाल्या, "मजकूर माझ्या टेबलावरून गेलाय. चूक माझी लिहा." मग त्यांनी तिथेच एक कागद ओढला आणि खेळाडूंची लिहायच्या तशीच माझी ओळख लिहिली. ताकद: चूक दाखवली की वाद घालत नाही, परत बघतो. कच्चं: बघण्याआधी लिहितो. उपयोग: तीन महिने द्या, मग बोलू.

मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला. "तीन महिने," ते म्हणाले. "यल्ला, कामाला लागा."

बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तोच ताई म्हणाल्या, "आधी त्या पोराचं नीट लिही." मी लिहिलं. तीन महिन्यांनी मी कायम झालो, अश्विनी आणि सई आल्या. मी घरी एवढंच सांगितलं होतं, की व्हिसाला जरा उशीर झाला. खरं सांगायची लाज वाटली.

गेल्या वर्षी ताईंचे यजमान निवृत्त झाले. सामान घेऊन ते आधी डोंबिवलीला गेले, ताई महिन्याभराने निघाल्या. त्या सकाळी आम्ही तिघांनी त्यांना विमानतळावर सोडलं. आभार मानायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "पोचलात की मेसेज करा."

परतताना गाडीत मी अश्विनीला सगळं सांगून टाकलं. तिने आधी घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "आणि तू त्यांना असंच जाऊ दिलंस? वळव गाडी."

"Did we forget something, Baba?" आता इथल्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या सईने मागून विचारलं.

"हो," अश्विनी म्हणाली.

ताई अजून काउंटरपाशीच होत्या. अश्विनी धावत जाऊन सरळ त्यांच्या पाया पडली. ताई गोंधळल्या, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. क्षणभर त्यांचेही डोळे भरले. मग अश्विनीचा दंड धरून तिला उठवत म्हणाल्या, "अगं, ते राहू दे. बॅगेचं वजन चार किलो जास्त भरलंय, ते बघ आधी."

आम्ही तिथेच जमिनीवर बसलो आणि त्यांची बॅग उघडली.