भावजींचं अधमणी लोखंड

माझ्या भावजींइतका निरोगी, आणि त्या निरोगीपणाने शेजाऱ्यांना इतका छळणारा माणूस सुप्याच्या साऱ्या मुलखात झाला नसेल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, गुंदचे शेतकरी. कुळगीजवळची हिरड्याची वखार मोडली तेव्हा लोकांनी दारं, कौलं उचलून नेली. भावजींनी तोलायचं अधमणी वजन आणलं. वर कडी असलेला लोखंडी गोळा. कडी दोन्ही हातांनी धरायची, गोळा पायांमधून मागे न्यायचा आणि कमरेच्या झटक्याने छातीपर्यंत उडवायचा, रोज शंभर वेळा. त्याने दम वाढतो, पाठ ताठ राहते, मूठ घट्ट होते, जेवण पचतं आणि भांडणाची खुमखुमी जिरते, असं ते सांगत. पाहुण्याला गूळपाणी मिळे, पण वीस झोके दिल्यावर. आक्काची कंबर धरली, तिला झोके. भटजींना अपचन झालं, त्यांनाही झोके. सोवळं सावरत त्यांनी बारा दिले आणि दुपारी तीनदा भात मागून घेतला. तोडलेल्या सागवानाची चौकशी करायला आलेला जंगलखात्याचा गार्ड तासाभराने घामाघूम होऊन, आपण कशाला आलो तेच विसरून परत गेला.

या जोरावर देवाच्या पालखीचा पुढचा दांडा बारा वर्षं भावजींकडे होता. देवळाचा चढ संपेपर्यंत खांदा बदलायचा नाही, अशी गावाची रीत. मग एका वर्षी हिवतापाने त्यांना महिनाभर अंथरुणाला खिळवलं. उठले तर गोळा जागचा हलेना. यंदा दांडा दुसऱ्या कुणाला द्यावा, असं गावात लोक बोलू लागले, आणि भावजी जेवेनासे झाले.

तेव्हा मी केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. त्या वजनाच्या पोकळ पोटात शिसं ओतलेलं होतं. कडी ठीक करून आणतो म्हणून मी गोळा लोहाराकडे नेला आणि शिसं वितळवून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी भावजींनी दहा झोके दिले, आठवड्याने चाळीस. त्यांनी गावाला कळवलं, दांडा मीच घेणार. मला मात्र एकच धास्ती. माझ्या लबाडीपायी चढावर देव पडला तर? जत्रेच्या सकाळी गोठ्यात गाठून मी सगळं कबूल केलं.

भावजी इतके हसले की म्हैस दावं ओढू लागली.

"पावणं, बारा वर्सं झोका देतोय मी त्येला. पोट रिकामं झाल्यालं पयल्याच झोक्याला कळलं."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"तुमी दाराआडनं बघत हुता. तोंड असं उजळलं तुमचं, म्हटलं हिरमोड कशाला करा. आनि आजाऱ्याला हलकंच बरं असतंय, ह्ये मला सुचलं न्हवतं."

त्यांनी दांडा घेतला. अर्ध्या चढापर्यंत पालखी पाण्यावरच्या होडीसारखी गेली. तिथे ते थांबले आणि रीत मोडून दांडा माझ्या खांद्यावर ठेवला. मी म्हटलं, जरा दम खा आणि परत घ्या.

"दम लई हाय," ते म्हणाले. "पर तुमी कवा शिकनार?"

बाकीचा चढ ते माझ्या मागून चालले. त्यांची धाप मला देवळापर्यंत ऐकू येत होती. मी मागे वळलो नाही. म्हटलं, हिरमोड कशाला करा.