बत्तीमामाची लंगडी मेंढी

वरून ठिणग्या पडल्या त्या थेट पाळण्यातल्या गोधडीवर. चुलीत जोरात फुंकल्यावर उडतात तशा. गोधडीतून धूर निघाला. आत माझी पोर, कूस वळायलासुद्धा न शिकलेली, आणि शिडीच्या टोकावर बसलेला बत्तीमामा दोन्ही हात वर करून आनंदानं ओरडत होता, "सापडली! वैनी, लंगडी सापडली!"

असा तो माणूस. घराला आग लागली तरी याला आधी बिघाड सापडल्याचा आनंद. धुराचं पुढं काय झालं ते सांगते, पण आधी हा कोण, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही त्याला वेडा समजाल. तसा तो थोडा होताच.

बत्तीमामा चितेगावकडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. हा कळपामागं फिरता फिरता कुठंतरी तारेचे खांब रोवणाऱ्या लोकांत मिसळला आणि मेंढरं सोडून तारेमागं लागला, ते शहरात येऊन वायरमन झाला. पण मेंढरं काही त्याच्या तोंडातून गेली नाहीत. "वैनी, करंट म्हंजी मेंढरंच," तो सांगायचा. "पुढचं गेलं की मागचं जातंय, पुढचं अडलं की समदी अडत्यात. मला शिकायला काय बी लागलं नाय." दिवा लुकलुकला की तो मान वर करून "हुर्र, हुर्र, ये गं ये" असं खरोखर बोलवायचा. हत्यारं घोंगडीत बांधून आणायचा आणि तारेला हात लावताना तीच घोंगडी पायाखाली टाकायचा. म्हणायचा, "लोकरीवर उभा ऱ्हायलो की करंटला वळख पटतीय, ह्यो आपल्यातलाच." खरं की खोटं, देव जाणे. त्याला झटका बसलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. झटका बसला की तो तारेला आईवरून शिवी द्यायचा आणि मग मला म्हणायचा, "तुमाला नाय, वैनी."

त्या वेळी आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, वर लाकडी माळवद, मधून एक जाड सागवानी तुळई. गावाकडची शेती दीर बघायचे, हे कापडाच्या दुकानात नोकरीला होते, आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आमच्याजवळ असायच्या. घरात लाइट घ्यायची यांची फार हौस. फिटिंग केलं ते बत्तीमामानंच. पाहुणा आला की यांनी खटका दाबून दाखवायचा आणि मामा तिथं असला तर त्यानं छाती फुगवून यांना सांगायचं, "पाटील, माझ्या तारेच्या जोडाला हत्ती बांधा. हत्ती जाईल, जोड नाय जाणार." हे बोलणं त्याला पुढं चांगलंच महागात पडलं.

मी माहेराहून तीन महिन्यांची पोर घेऊन आले तेव्हा बारसं झालं. त्या दिवशी संध्याकाळी बाया पाळणा म्हणत होत्या, पोर भोकाड पसरून रडत होती, आणि दिवा गेला. सगळ्या हसल्या. कुणीतरी चिमणी पेटवेपर्यंत तो आपणहून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग रोजचंच झालं. शेजाऱ्यांकडे लाइट असायची, आमचीच जायची. कधी डोळा मिटून उघडावा इतकीच, कधी भात शिजून निघेपर्यंत. फ्यूज बघावा तर शाबूत. आत्याबाई म्हणायच्या, "रझाकारांच्या भीतीनं आम्ही फुंकून फुंकून दिवे विझवत होतो. आता मेला आपणहून विझतोय."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण त्यांचं लक्ष बारीक. त्यांनी आठवडाभर बघितलं आणि निकाल दिला: पोरगी रडली की लाइट जाते. त्यात खोटं काही नव्हतं. मीही बघत होते. पोर शांत असली की दिवा शांत, पोरीनं सूर लावला की दिवा गुल. झालं. पोरगी अवलक्षणी ठरली. "ही ज्या घरात राहील त्या घरात अंधार करील," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या आईकडं ठेवून ये. तिथं कंदीलच आहेत, तिथं काय विझवायचं ते विझव म्हणावं. मोठी झाली की आणू."

मी म्हटलं, "पोर राहील तिथं मी राहीन."

"मग तूही जा की. मी कुठं धरलंय?"

यांच्याकडं बघितलं तर हे भिंतीकडं बघत होते. माझे सासरे लवकर वारलेले, आईनं एकटीनं वाढवलेला मुलगा. आईपुढं यांचा आवाज निघत नसे. फक्त एवढं म्हणाले, की येत्या रविवारी बाजार झाला की बघू. म्हणजे मला रविवारपर्यंत मुदत. मी पोरीला पदराखाली घेतलं, गल्ली ओलांडली आणि बत्तीमामाला जाऊन सांगितलं, "तुझा दिवा दुरुस्त कर, नाहीतर माझी पोर घराबाहेर जाते."

तो लगेच आला. बल्ब बदलला, गेला. दिवा पुन्हा जाऊ लागला. तो पुन्हा आला, खटका बदलला, होल्डर बदलला, माझ्या हातच्या दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या आणि "आता बघा" म्हणून गेला. संध्याकाळी पोर रडली, दिवा गेला. आत्याबाई अंधारातून म्हणाल्या, "बघितलं." त्या एका शब्दाचा मला इतका राग आला की मी त्या अंधारातच भांडी आपटली.

शनिवारी दुपारी मामा तिसऱ्यांदा आला तो चपला न काढताच उंबऱ्यावर बसला आणि डोकं खाजवायला लागला. "फ्यूज शाबूत, खटका शाबूत, होल्डर नवा. मंग मेंढरू जातंय कुठं?" आणि एकदम मांडीवर थाप मारून उठला. "वैनी, म्या येडा हाय. उभ्या कळपात लंगडी कुनाला घावली का? समदी सारखीच दिसत्यात. कळप चालवावा लागतो, मंग मागं पडती ती लंगडी. म्या दर टायमाला येतो तव्हा तुमचं घर उभं असतंय. आज घर चालवा."

"म्हणजे काय करू?"

"लाइट जाती तव्हा जो जे करत असतो, त्यानं ते करायचं. समद्यांनी. कुनी चुकवायचं नाय."

मग भर दुपारी दारं-खिडक्या लावून आम्ही संध्याकाळ केली. दिवा लावला. आत्याबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या, तोंड वाकडं करून, पण बसल्या. तमाशा बघायची त्यांनाही हौस. मी चूल पेटवली. हे जेवायला म्हणून घरी आले होते, त्यांना मामानं शर्ट काढून बनियनवर बसवलं, कारण संध्याकाळी ते तसेच बसत. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "पाटील, तुमी तसं बी काय करत नाय. मेनजवळ उभे ऱ्हावा." आणि स्वतः शिडी लावून तुळईपाशी चढून बसला.

दिवा जळतोय. आम्ही घामाघूम. काही होईना.

"कोन कमी हाय?" वरून मामा.

"पोरगी रडत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मी सांगते तर कुणी ऐकत नाही."

पोर पाळण्यात डोळे उघडे ठेवून मजेत पडली होती. "रडीव तिला," मामा म्हणाला. आता तान्ह्या पोरीला कसं रडवायचं? मी चिमटा काढणार नव्हते. मामानंच वरून तोंडं वेडीवाकडी करायला सुरुवात केली. डोळे फिरवले, जीभ काढली, मेंढीसारखा ओरडला. पोर खुदकन हसली. त्यानं बोकडाचा आवाज काढला. ती आणखी हसली, पाय झाडायला लागली. आत्याबाईंच्या सुपातले तांदूळ सांडले, त्याही हसत होत्या. "अरे मेल्या, रडवायला चढलायस का नाचवायला?" हे मेनजवळ उभे राहून पोट धरून हसत होते. लग्नानंतर यांना आईसमोर इतकं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी पोटानंच तिला रडवलं. दूध पाजायची वेळ टळली तशी तिनं सूर लावला. माझे हात पिठात. मी रोज करायची तेच केलं: पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी धरली आणि जोरात झोके द्यायला लागले. पोर जेवढी रडे तेवढा मोठा झोका. तुळई करकरली, दिवा गेला, आणि वरून त्या ठिणग्या पडल्या.

मामा ओरडला, "सापडली!" मग त्याला खाली धूर दिसला आणि त्याचा आवाजच बदलला. "पाटील, मेन पाडा! पाडा!" यांनी मेन पाडला. मी पिठाच्या हातांनी उठेपर्यंत आत्याबाई पोचल्या होत्या. सूप एकीकडं, तांदूळ एकीकडं. पेटती गोधडी त्यांनी नुसत्या हातानं ओढून फेकली, पोरीला छातीशी धरलं आणि दार लाथेनं उघडून अंगणात गेल्या. बाहेरच्या उन्हात त्यांनी पोरीचे हात, पाय, कान, सगळं उलटसुलट करून पाहिलं. पोरीला काही झालं नव्हतं. भाजला होता तो आत्याबाईंचा तळहात, आणि ते त्यांना मी सांगेपर्यंत कळलं नाही.

मामा शिडीवरून उतरला. दुसरा माणूस मान खाली घालून आला असता; हा छाती काढून आला. "चोर घावला," म्हणाला. "चोर म्याच." तुळईत एक जुनी लोखंडी कडी होती. फिटिंग करताना ती रिकामी दिसली, म्हणून यानं खिळे वाचवले आणि तार त्या कडीला वेढा देऊन पुढं नेली. हत्ती बांधायचा जोड नेमका तिथंच. बारशाला आम्ही त्याच कडीला पाळणा टांगला. मोठा झोका बसला की कडी फिरायची, जोड सुटायचा. पाळणा थांबला की कधी तो पुन्हा चिकटायचा, कधी नाही. तार तुळईमागं, काजळीत. खालून कुणाला दिसायची नाही, आणि वेढा नेमका कुठं दिला ते यालाही आठवत नव्हतं. पोरगी रडते हे सगळ्यांना ऐकू येत होतं. झोका मोठा होतोय हे कुणी बघितलं नव्हतं.

आत्याबाईंनी पोर माझ्याकडं दिली आणि त्याच्यावर तुटून पडल्या. "अरे मेंढक्या! घराच्या तुळईत कडी कशाला असते हे कुण्याही बाईला विचारायचं होतंस!"

"मला वाटलं कंदिलाची असंल, मावशी."

"तुझ्या आईनं तुला कशात झोपवलं रे?"

"घोड्यावर," मामा म्हणाला. "आमच्यात लेकरू घोड्याच्या पाठीवर वाढतंय, कोंबड्यांच्या डालीशेजारी. तुळईला कोन टांगतंय? तुळईच न्हवती."

आत्याबाईंनी पदर सावरला. मग त्या म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, पोरीमुळंच जाते." आणि खरं बघितलं तर त्या चुकल्या नव्हत्या. एवढं बोलून त्यांनी भाजल्या हातावर कोरफड लावली आणि सांडलेले तांदूळ वेचायला बसल्या. रविवारी बाजार झाला. आजोळचं नाव कुणी काढलं नाही.

मामानं त्याच दुपारी तार सोडवली, तुळईपासून लांब भिंतीवरून फिरवली आणि नव्या जोडाला मला हातानं ओढून बघायला लावलं. हत्तीचं नाव मात्र त्यानं पुन्हा घेतलं नाही. त्यानंतर त्यानं शहरात किती घरांत फिटिंग केलं असेल, पण खिळा ठोकायच्या आधी तो घरातल्या बाईला विचारायचाच, "पाळणा कुठं टांगनार?" सत्तरीची म्हातारी असली तरी विचारायचा. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. पुढं आम्ही पुंडलिकनगरला घर बांधलं तेव्हा माझी मुलं मोठी झालेली, तरी स्लॅब टाकायच्या आधी हा म्हातारा गुडघे धरत वर चढला आणि गवंड्याला म्हणाला, "वैनीला इचार, कडी कुठं पायजे." आता असल्या घरात कडी कशाला, असं मी म्हटलं. "घर चाललं पायजे ना," म्हणाला आणि स्वतः उभा राहून कडी टाकून घेतली. तिला पुढं माझे नातू झुलले.

मी चौथी शिकलेली बाई. विजेतलं मला अजून काही कळत नाही. पण घरात काही बिघडलं, नळ असो की माणसं, मी आधी दोष देत नाही. जो तो रोजचं करू लागला की काय होतं, ते बसून बघते. सुना म्हणतात, सासूबाई बघतच बसतात. बसू देत म्हणावं.

बत्तीमामा वारला तो त्याच्या गावी, म्हातारा होऊन, खाटेवर, झोपेत. शेवटी शेवटी त्याच्या घरातली लाइट गेली की तो खाटेवरूनच हुर्र हुर्र करायचा, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. मला हसू आलं, तिलाही आलं.

त्या शनिवारी दुपारी त्या बंद खोलीत आम्ही पाच जण होतो. पाचही वाचलो. आत्याबाई, हे आणि बत्तीमामा पुढं आपापल्या वेळेला गेले. पाळण्यातली पोर आहे, आणि मी आहे.