तोंड यवतमाळकडे

दारव्हा रोडवरच्या टपरीवर रोज दिसणारा तो रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चहा उभ्यानंच प्यायचा. पण आधी गाडी वळवून तिचं तोंड यवतमाळकडे करायचा. "निघताना तेवढंच एक वळण वाचते," म्हणायचा.

एकदा मी त्याला सकाळी नेलेल्या अपघातातल्या माणसाबद्दल विचारलं. स्ट्रेचर पुसत तो म्हणाला, "गेला. मार एवढा नोता, भाऊ. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नोता, दुसऱ्यात रक्त नोतं. फिरवून फिरवून मारलं आपण त्याले."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोण पडलं, किती लागलं, काहीच त्यानं विचारलं नाही. अर्धा चहा ठेवून थकल्या आवाजात एवढंच म्हणाला, "आतापर्यंत कुठं कुठं नेलं त्याले?"