रघूला देऊ नकोस

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी इडलीचं पीठ वाटत होते आणि ग्राइंडर कुरकुरत होता. वसंताला दाखवायला हवा, असं मनात येतंय तोच पलीकडून त्याची सून रडायला लागली...

माझा हा धाकटा भाऊ जन्माचा संशयी. जे. पी. नगरला माझ्याकडे आला की चपला काढायच्या आधी कान टवकारायचा. "अक्का, तुमच्या लिफ्टचं लक्षण ठीक नाही. मी जिन्याने आलो." बरं, आवाज नसला तरी विश्वास नाहीच. "एवढं गप्प? दात्यांमध्ये स्वल्प मोकळी जागा लागते, अक्का. फार सैल तर खडखड, फार घट्ट तर तापून जखडतात." शाळा मी लवकर सोडली, पण गिअरचं हे एवढं त्याच्याकडून ऐकून ऐकून पाठ झालं.

यशवंतपूरला त्याचा आणि त्याच्या मित्राचा, रघूचा, मिळून गिअरबॉक्सचा छोटा कारखाना होता. चाकांचे दाते वसंता कापायचा. चाकं ज्यात बसतात ती लोखंडी पेटी रघू करायचा. एकदा गिऱ्हाइकाने नवा गिअरबॉक्स लगेच परत पाठवला, चालू केला की किंचाळतो म्हणून. दोघांनी दात्यांना निळा लेप लावून चाकं हाताने फिरवली. दाते जिथे टेकतात तिथे ठसा उमटतो. तो मधोमध हवा, आला अगदी टोकाला. वसंता म्हणाला, तुझी पेटी वाकडी. रघू म्हणाला, तुझे दाते तिरके. मोजायचं म्हटलं तर एकाचा दुसऱ्याच्या मापावर भरवसा नाही. झालं, कारखाना मोडला, बोलणं तुटलं. पुढे वसंताने ती दोन चाकं फडक्यात बांधून माझ्या कपाटात आणून ठेवली. म्हणाला, "रघूला देऊ नकोस." का, ते सांगितलं नाही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी रघू दारात. हातात जड पिशवी. चहा नको म्हणाला, तिथेच मला शंका आली. इतक्या वर्षांनी, आता जाब विचारणारा कोणी उरला नाही तेव्हा?

"अक्का, ती चाकं आहेत ना तुमच्याकडे?"

"असली तर?"

त्याने पिशवीतून चाकं बसवायची दोन खुंट्यांची बैठक काढली. "अगदी सरळ आहे, बाहेरून तपासून आणलीय. मी हात लावत नाही, तुम्हीच फिरवा. दाते तिरके होते की पेटी वाकडी, एकदा कळू दे मला."

मी फडकं सोडलं. रघू वाकला आणि तसाच राहिला. दात्यांवर जुना, वाळलेला निळा ठसा होता. मधोमध.

"हा आमचा नव्हे, अक्का. आमचा टोकाला होता."

तरी त्याने नवा लेप दिला. मी तो लावून चाकं बैठकीवर चढवली आणि फिरवली. नवा ठसा बरोब्बर जुन्यावर बसला.

"सरी, ठीक आहे," रघू म्हणाला. मग ठशाकडे बोट करून म्हणाला, "पेटीच वाकडी. म्हणजे वसंताने हे कुठेतरी तपासलं होतं... त्याला माहीत होतं. मग बोलला का नाही? काही म्हणाला होता तुम्हाला?"

मी म्हटलं, "आता तरी चहा घे."

रघूची लाज राखायची म्हणून वसंता गप्प बसला, की हा कधी येतो ते बघत बसला? भाऊ माझा, पण मला खात्री देता येत नाही.

बैठक रघू इथेच ठेवून गेला. चाकं आता शोकेसमध्ये तिच्यावर असतात. तो येतो, तेलाचा थेंब सोडतो, हलकेच फिरवतो. अजिबात आवाज येत नाही. आणि स्वयंपाकघरात माझे कान टवकारतात... एवढं गप्प?