फिर्यादीतला कॅमेरा

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. फौंड्रीतल्या ओतीव भागांची तपासणी करणारा एक ठेकेदार फिर्याद घेऊन आला : जीपमधून कॅमेरा चोरीला गेला. कसला कॅमेरा, तर म्हणे, "आमच्या कामाचा. महागातला आहे." पंचनामा झाला आणि माझ्या हवालदारांनी शहरातले फोटो स्टुडिओ पालथे घातले. एका फोटोग्राफरनं तर सुटका व्हावी म्हणून साऱ्या ठाण्याचा फुकट फोटो काढून द्यायची तयारी दाखवली.

ठेकेदाराचा ड्रायव्हर चोरीपासून बेपत्ता होता. तो मुरगूडचा. इचलकरंजीत मेहुण्याच्या खोलीवर पडून आहे, अशी खबऱ्यानं बातमी दिली आणि आम्ही त्याला उचलून आणला. चौकशीत त्याला बाकावर धड बसवेना.

"नाटकं करतोस व्हय रं?" हवालदार खेकसला.

"न्हाय ओ, मांडी जळतीया."

पँट उतरवून पाहिली. मांडीवर तळहाताएवढी जखम, आणि कापड मात्र शाबूत. भाजलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती, ही जखम त्यातली नव्हती. मला भीती वाटली.

"मालक रोज म्हणायचा, क्यामेऱ्याला हात लावू नको, लई महाग हाय," तो सांगू लागला. "म्हटलं, जोतिबावर पावण्यांचं फोटू काढीन. फोडला, तर आत काच न्हाय, रीळ न्हाय. आत नुसती एक केबल, तिच्या टोकाला चकचकीत तुकडा हुता, त्यो खिशात टाकून घरी गेलतो. मांडी सुजली तसा भिऊन पळालो."

"तुकडा कुठाय?"

"घरीच की. बायकोनं फडताळात ठेवलाय."

ठेकेदाराला बोलावलं. जखम बघितल्यावर त्यानं खरं काय ते सांगितलं. त्या यंत्राला त्यांच्या धंद्यात कॅमेराच म्हणतात. आत अणुभट्टीत तयार केलेलं किरणोत्सारी इरिडियम असतं. त्याचे किरण पोलादातून आरपार जातात आणि आतली भेग फिल्मवर उमटते. त्याला ना वास, ना धूर. जड पेटीत आहे तोवर ते कामाचं, अंगाशी आलं की मांस मारतं.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"साहेब, परवाना गेला असता."

त्याच्या कानाखाली वाजवायचा मोह कसा आवरला, माझं मला ठाऊक.

बिनतारी संदेश देऊन मुरगूडची ती गल्ली रिकामी करवली. मुंबईहून आलेल्या तज्ज्ञांनी लांब चिमट्यानं तुकडा शिशाच्या डब्यात टाकला. बायको दिवसभर शेतावर असायची म्हणून वाचली. ड्रायव्हरचा पाय मात्र मांडीतून कापावा लागला.

खटला चोरीचाच चालला. आरोपी कुबड्यांवर पिंजऱ्यात, ठेकेदार फिर्यादी म्हणून समोरच्या बाकावर. ठेकेदाराच्या परवान्याची चौकशी कुठे जिरली, ते कळलं नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फिर्यादीला सांगत आलो : वस्तूचं नाव राहू द्या, ती करते काय ते सांगा.

शिक्षा झाल्यावर ड्रायव्हर माझ्यापाशी थांबला. "सायेब, चोरी केली, कबूल हाय. पर त्यानं क्यामेरा म्हणायच्या जागी इख म्हटलं असतं, तर हात लावला असता व्हय मी?"

तेवढ्यात ठेकेदार पुढे आला.

"साहेब, माझा कॅमेरा कधी परत मिळेल?"