दोन चुली, एक भाजी

पप्पांचा फोन आला तेव्हा ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली होती आणि माझ्या डब्याचं झाकण अर्धवट उघडलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मोठीमाय गेली, बाळा... सकाळी भाकरी करून उठली, भिंतीला टेकून बसली, ती बसलीच." मी झाकण परत लावलं आणि बॅग उचलून बसस्टँडवर गेले. मोठीमाय म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. नांदूरघाटच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या एकत्र घराचा स्वयंपाक तिच्या हातचा असायचा. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत. शोक करावा म्हणून मी बसते, पण डोळ्यांत पाणी यायच्या आधीच नाकात एक वास येतो, वाफेवर शिजणाऱ्या शेवग्याच्या पाल्याचा. आणि मग मला इतक्या उत्साहानं काहीतरी सांगावंसं वाटतं की रडायचं राहूनच जातं. मी फार बोलणारी नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरी भाजी हा रोजचा वादाचा विषय. मोठ्या बाबांना, म्हणजे मोठीमायच्या नवऱ्याला, कानातून धूर निघेल असं तिखट लागायचं. त्यांच्या मते बाकी सगळं दवाखान्यातलं जेवण. पप्पांना पित्ताचा त्रास, मिरची नुसती दिसली तरी ते ताट सरकवत. आजोबांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दात नव्हते. माझ्या धाकट्या भावाला हिरवं काही चालत नसे आणि मी केजच्या इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींचे डबे बघून आलेली, मला काय हवं हे मलाच सांगता येत नसे. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, घरी शाळेवरून चिडवतील म्हणून गप्प. मोठीमाय मात्र माझ्या ताटाकडे बघून ओळखायची. "पोरगी बोलंना गेली तरी तिचा घास बोलतोय," असं आईला सांगायची. एका भाजीत सगळ्यांना जेवू घालायचं, ही तिची जिद्द होती. कुणासाठी वेगळी वाटी काढायची नाही, हा तिचा नियम. वेगळी वाटी निघाली की वेगळी चूल निघायला वेळ लागत नाही, असं तिचं म्हणणं.

आणि एका दुष्काळात तशी वेळ खरंच आली. विहिरी आटल्या होत्या, बोअरला खारं पाणी होतं आणि प्यायला टँकरचं गोडं पाणी. त्यातच गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली. मोठे बाबा एका पॅनलकडून उभे राहिले आणि पप्पांनी दुसऱ्या पॅनलच्या मित्राचा प्रचार केला. गंमत अशी की संस्थेत तेव्हा दूधच येत नव्हतं, गावच्या सगळ्या म्हशी चारा छावणीवर होत्या. पण मोठे बाबा थोडक्यात पडले आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. "दादाला सांग", "त्याला म्हणावं" असे निरोप आमच्यामार्फत फिरू लागले. मग एक दिवस मोठे बाबा ताटावरून उठले आणि म्हणाले की या बेचव भाजीपायी घरात राहणं नको. पप्पा म्हणाले, मग करा वेगळं. भांडण संस्थेचं, नाव भाजीचं. ठरलं असं की चौदा एप्रिलच्या जयंतीचं जेवण एकत्र करायचं आणि दुसऱ्या दिवसापासून चुली वेगळ्या. आईनं नवी चूलसुद्धा घातली, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. ती घालताना आई रडत होती आणि मोठीमाय तिला माती कालवून देत होती.

जयंतीच्या सकाळी मोठीमाय वेगळ्याच तोऱ्यात होती. पांढरं लुगडं नेसून तिनं वंदना म्हटली आणि पदर खोचून चुलीपुढे बसली. बेत असा की तुरीची आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून त्यात वाळवलेली गवार घालायची. हे शेवटचं एकत्र जेवण, ते इतकं चांगलं करायचं की उद्याचं कुणी नावच काढणार नाही. तिनं मला तसं सांगितलं नव्हतं, पण डाळ निवडताना तिचे हात ज्या गतीनं चालले होते त्यावरून मला कळत होतं. डाळ तिनं पहाटेच भिजत घातली होती. आता शिजवायला गोडं पाणी घ्यायला ती रांजणाकडे गेली आणि तिथेच थांबली. रांजण रिकामा होता. अंगणातल्या ड्रमाचं झाकण उघडलं तर तोही कोरडा.

झालं होतं असं. जयंतीच्या मिरवणुकीला पाणी पाजायचं, ही आमच्या घरची रीत. पाण्यासाठी ज्यांनी लढून दाखवलं त्यांच्या नावानं कुणी तहानलेलं जाऊ नये, असं आबा सांगत. एरवी दोघं भाऊ मिळून पाणी काढत. यंदा बोलणंच नाही. मोठे बाबा रांजणातलं पाणी घागरींनी दारापुढे घेऊन गेले, ड्रम स्वयंपाकाला आहेच असं धरून. आणि पप्पांनी ड्रम रिकामा करून शाळेच्या कोपऱ्यावर सरबत केलं, रांजण आहेच असं धरून. दोघांनीही चांगलंच काम केलं होतं. आणि घरात आता बोअरच्या खाऱ्या पाण्याशिवाय काहीच नव्हतं. टँकर उद्या.

खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तरी मोठीमायनं ती चढवून बघितली. डाळ भगुण्यात गोट्यांसारखी उड्या मारत राहिली. मिरवणुकीचे ढोल गावच्या वेशीपाशी वाजू लागले होते. आई म्हणाली, "अक्का, जाऊ द्या, बटाटे तळू ह्यांना, मोठ्या भाऊजींना ठेचा देऊ..." मोठीमायनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती मागच्या दाराशी गेली. परसात त्या उन्हाळ्यात हिरवं असं एकच झाड होतं, शेवग्याचं.

"फांदी वढ," ती मला म्हणाली. "पाला वरबड. कावून बघायलीस, वढ की."

पुढचा तासभर मी आयुष्यात कधी नव्हे इतकी पळले. तिनं अर्धकच्ची डाळ चाळणीत निथळली, निथळलेलं पाणी बाजूला झाकून ठेवलं आणि डाळ पाट्यावर घेतली. ती वाटत होती, मी पाला ओरबाडून चिरत होते, आई लसूण आणि जिरं ठेचत होती. डाळीत पाला, ज्वारीचं मूठभर पीठ, हळद. मी मिठाचा डबा पुढे केला तेव्हा ती हसली, "ठिव तिकडं. पाण्यातच हाय की मीठ." मुठीत दाबून तिनं मुटके वळले, बोटांचे ठसे उमटलेले. भगुण्यात खारं पाणी, वर चाळणी, चाळणीवर मुटके, वर झाकण. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी खालीच राहणार होतं, वर जाणार होती नुसती वाफ. आणि वाफेला कुठला खारेपणा! मी नकळत टाळी वाजवली. त्या घरात माझा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

पण एका चुलीवर भागणार नव्हतं. वाफेचं भगुणं एकीवर होतं, आता तवाही हवा, रस्साही हवा. मोठीमायनं क्षणभर नव्या चुलीकडे बघितलं. "पेटव," ती आईला म्हणाली. वेगळं होण्यासाठी घातलेली चूल पहिल्यांदा पेटली ती त्याच भाजीसाठी.

मिरवणूक गेली, दोघं भाऊ दोन दारांनी आत आले आणि पंगतीच्या दोन टोकांना बसले. मोठीमायनं सगळ्यांच्या ताटात तेच मुटके वाढले. आबांना ते कुस्करून, निथळलेल्या पाण्याच्या पातळ रश्शात. मोठ्या बाबांना लाल मिरचीच्या फोडणीत परतून. पप्पांना नुसते वाफवलेले, वर कच्च्या तेलाची धार. आम्हा पोरांना चकत्या करून तव्यावर कुरकुरीत. माझ्या भावानं हिरवं दिसत असूनही दुसऱ्यांदा मागितलं. आबा बोटं चाटत होते. मोठ्या बाबांनी ताटाकडे बघतच विचारलं की आज डाळीची भाजी ठरली होती, तिचं काय झालं.

मोठीमायनं पळी खाली ठेवली. "घरात पाणीच न्हवतं. तुमी रांजण नेला, भाऊजींनी डरम नेला. येकमेकाला इचारलं असतं तर डाळ शिजली असती."

 मग पप्पा हळूच हसले. मोठ्या बाबांनाही हसू आवरेना, पण त्यांनी ते मिशीत दाबलं आणि पप्पांच्या ताटाकडे बोट करून म्हणाले, "त्याला अजून दोन वाढ. आन जरा मिरची लाव, मरत न्हाई तो." निरोपाविना, थेट भावाबद्दल भावासमोर बोललेलं ते कित्येक दिवसांतलं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी दोन्ही चुली पेटल्या, पण स्वयंपाक एकच होता. आणि मोठीमायनं एक नवीन नियम केला. घरातलं गोडं पाणी कुणीही काढलं तर स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्यानं सांगायचं, "पाणी घेतोय गं." ती आतून म्हणायची, "घ्या, भाजीपुरतं ठिवलंय." ते सगळ्या घराला ऐकू जायचं, दोन्ही भावांना.

पुढे गॅस आला, नळ आला, संस्थेत दूधही परत आलं. नियम तसाच राहिला. परवा तिच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला पाहुणे जेवून उठले तेव्हा अंगणात कुणीतरी म्हणालं, बाई गेली, आता वाटण्या होतील. हळू आवाजात म्हणालं, पण मला ऐकू आलं. मोठ्या बाबांनाही आलं असावं. थोड्या वेळानं ते घागर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि सवयीनं म्हणाले, "पाणी घेतोय गं."

आत मी आणि आई भांडी आवरत होतो. आईनं तोंडाला पदर लावला. बाहेर सतरंज्या गोळा करणारे पप्पा जागेवरच उभे राहिले. मोठे बाबा घागर धरून तसेच...

"घ्या, मोठे बाबा," मी आतून म्हणाले. आवाज अंगणापर्यंत जाईल इतका मोठा. "भाजीपुरतं ठेवलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुणाच्या भाजीपुरतं?"

"सगळ्यांच्या."

ते आत आले आणि त्यांनी घागर अर्धीच भरून घेतली.