गाळलेलं वाक्य

दुपारची जेवणं झालीत, ओटा पुसून झालाय आणि मी आडवी पडलेय. झोपायचं नाहीये मला. असलं पत्र वाचून कुणाला झोप येईल? पण साठीच्या बाईचं शरीर तिचं थोडंच ऐकतं, पोटात चार घास गेले की डोळे मिटायलाच लागतात. बाहेरच्या खोलीत श्रीरंगचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, घोरणं सुरू झालंय. पंखा गरगरतोय. पत्र उशाशी आहे.

पत्र जपानहून आलंय, इसोबेबाईंचं. वर्षभरातलं तिसरं. त्यांचा मुलगा कानाता मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायचा. वीस वर्षांचा पोरगा. गेल्या फेब्रुवारीत आपल्याकडे, दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत गेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून टीमनं मला पुण्याहून दुभाषी म्हणून नेलं होतं. तिन्ही पत्रांत बाईंनी एकच विचारलंय, त्या सकाळी तो काही म्हणाला होता का? दोनदा मी कळवून टाकलं की नाही हो, मजेत होता, हसत होता. आता वर्षश्राद्ध आलंय आणि त्या पुन्हा तेच विचारतायत. म्हणजे त्यांना संशय आलाय, दुसरं काय?

कारण तो म्हणाला होता. मला म्हणाला होता. आणि मी ते गिळून बसलेय.

पायाशी गादी दबते. मी डोळे उघडते तर कानाता बसलाय. शर्यतीचा पांढरा पोशाख कमरेपर्यंत उतरवून बाह्या पुढे गाठ मारून बांधल्यात, नेहमी बांधायचा तशाच. बूट दारात काढून ठेवलेत, टोकं बाहेरच्या बाजूला करून. आमच्या घरात एवढ्या शिस्तीनं कुणी बूट काढत नाही.

"मावशी, झोपलीस?" तो विचारतो.

चक्क मराठीत. जिवंत असताना त्याला मराठीचे दोनच शब्द यायचे, 'मावशी' आणि 'बास'. दुसरा मी थालीपीठ वाढत राहायचे म्हणून शिकला होता. आता बघावं तर आमच्या सोसायटीतल्या पोरांसारखा बोलतोय. मला आधी त्याचाच राग येतो. मग माझं काम काय उरलं, असं वाटतं.

"जेवलास का?" मी विचारते. मेलेल्या माणसाला हे विचारू नये, पण तोंडातून तेच निघतं.

तो हसतो आणि मान हलवतो. मी उठून स्वयंपाकघरात जाते. डबा काढायला कपाट उघडते, तर आत टायर रचून ठेवलेत, एकावर एक, गरम. रबराचा तो घशात बसणारा वास येतो. मी ओट्यापाशी उभी आहे आणि ओटा नाहीये, ट्रॅकच्या कडेचं आमचं गॅरेज आहे. कानाता गाडीपुढे वाकून नमस्कार करतोय. बसायच्या आधी रोज करायचा. मी चिडवायचे, अरे, एक उदबत्तीपण लाव. तो मान डोलवायचा, लावू या म्हणायचा.

पाचव्या वर्षी त्याला बापानं छोट्या गोकार्टमध्ये बसवलं. बाप लवकर गेला, मग आईनं ते काम पुढे चालवलं. सोमवार ते शुक्रवार शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो मुलांना जेवण करून घालायचं आणि शनिवारी पोराला आणि गाडीला व्हॅनमध्ये घालून कुठल्या कुठे न्यायचं. ती कुंपणाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. तेराव्या वर्षी तो त्याच्या गटात देशात पहिला आला. सतराव्या वर्षी मोठ्या गाड्यांच्या खालच्या वर्गात गेला, एकदा तिसराही आला, आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला कुणी गाडीच देईना. म्हणून तो इकडे आला. इथला मोसम जिंकला तर तिकडे एका मोठ्या टीमनं त्याला चाचणीला बोलवायचं कबूल केलं होतं. शेवटच्या शर्यतीआधी तो चार गुणांनी मागे होता. फक्त चार. हे सगळं मला त्यानंच सांगितलं, थालीपीठ खाता खाता, तुकड्या तुकड्यानं.

गॅरेजमध्ये सेल्वन आहे, आमचा इंजिनियर. तो इंग्रजीत विचारतो, काही त्रास? कान, डोळे, डोकं? पंधरा दिवसांपूर्वी सरावात कानाताची गाडी भिंतीवर आपटली होती. डॉक्टरांनी तपासून 'चालव' म्हटलं होतं, पण सेल्वन रोज विचारायचाच. चांगला माणूस.

कानाता माझ्याकडे वळतो. हे त्या सकाळचंच आहे, जसंच्या तसं. फक्त आता तो मराठीत बोलतोय.

"ब्रेक कुठे मारायचा ते दाखवणाऱ्या पाट्या असतात ना वळणावर, मला त्या दोन दोन दिसतात. मी डावी खरी धरतो. मावशी, हे त्याला सांगू नकोस."

आणि मी सेल्वनकडे वळून म्हणते, सगळं ठीक आहे. स्वप्नातसुद्धा तेच म्हणते. माझं मलाच ऐकू येतं आणि शरमेनं अंग तापतं.

सेल्वन दिसेनासा होतो. आता आम्ही दोघं आमच्या इमारतीच्या जिन्यात बसलोय, पण जिना खाली ट्रॅकवर उतरतोय आणि खाली कुणीच नाही, नुसतं ऊन आहे.

"अपघाताच्या चौकशीत लिहिलंय, ब्रेक मारताना चालकाचा अंदाज चुकला," मी म्हणते. "तुझ्या आईनं तेच वाचलंय. तिला वाटत असेल, माझ्या पोराला गाडी चालवता आली नाही."

"त्या दिवशी उजवी खरी होती," तो म्हणतो.

मला रडू फुटतं. तो थांबतो. जिवंत असतानाही असाच थांबायचा, माझं वाक्य पुरं होईपर्यंत.

"तूच सांग बाबा," मी म्हणते, "म्हण मला की आईला कळवू नकोस. तू म्हणालास की मी सुटले."

"तेव्हा म्हणालो होतो. आता मी कोण म्हणणार?" मग तो विचारतो, "तू का ऐकलंस माझं?"

मी तोंडाला येईल ते सांगते. तुझे चार गुण, तुझी चाचणी, तुझ्या आईचे ते शनिवार. ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी ती खरी नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. मग खरं तेच बाहेर पडतं.

"पस्तीस वर्षं मी लोकांची वाक्यं इकडून तिकडे नेतेय," मी म्हणते. "कारखान्यात, मीटिंगमध्ये, हॉस्पिटलात. माझ्याकडे बघून बोलतात, पण माझ्याशी कुणी बोलत नाही. ते वाक्य तू माझ्याशी बोललास. मावशी म्हणून. मला ते दुसऱ्याला द्यायचं नव्हतं."

एवढं क्षुल्लक कारण. त्यापायी एक पोर गेलं.

तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो. हाताला वजन नाही, पण ऊब आहे. जिना सपाट होतो आणि आम्ही एका टेबलाशी बसलेले असतो. समोर इसोबेबाई. मी त्यांना फक्त अंत्यविधीच्या दिवशी पाहिलंय, काळ्या कपड्यांत. इथे त्यांनी शाळेतला स्वयंपाकाचा पांढरा एप्रन घातलाय आणि गळ्यात स्टॉपवॉच आहे, चालू. त्या जपानीत बोलतात. कानाताला आता जपानी कळत नाही. एका बाजूला आई, एका बाजूला लेक, आणि मध्ये मी.

"विचारा ना त्याला," बाई म्हणतात. "त्या सकाळी काय म्हणाला?"

मी कानाताला मराठीत विचारते. तो सांगतो. पाट्या, दोन दोन, डावी खरी. हळू बोलतो, मला लिहून घेता यावं म्हणून. मग माझ्याकडे बघतो. बाईपण माझ्याकडे बघतायत.

शब्द सगळे माहिती आहेत मला. एकही अवघड नाही. पण तोंड उघडत नाही. मी जोर लावते, तसे ओठ आणखी घट्ट मिटतात. स्टॉपवॉच टिकटिकतंय. बाई थांबल्यात, अगदी शांतपणे, कुंपणाशी थांबत असतील तशा. कानाता कमरेची गाठ सोडतो, बाह्या चढवतो, गळ्यापर्यंत चेन ओढतो. निघाला.

"मावशी, गाळू नकोस," तो म्हणतो.

बाई स्टॉपवॉच थांबवतात.

मी जागी होते. पंखा फिरतोय, श्रीरंग घोरतोय, चार वाजून गेलेत. तोंडात खारट चव आहे. बोट लावून बघते तर खालचा ओठ दातांनी फोडलाय. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग आहे, रुपयाएवढा, अजून ओला.

पत्रावर खाली फोन नंबर आहे. तिकडे साडेसात झाले असतील. मी विचार करत नाही. विचार केला तर पुन्हा चौथ्या पत्राची वाट बघेन.

त्या फोन उचलतात. मी नाव सांगते, आणि प्रकृती-बिकृती काही न विचारता म्हणते, इसोबेबाई, मी तुमच्याशी दोनदा खोटं बोलले. मग त्याचं वाक्य सांगते, पूर्ण, 'सांगू नकोस' सकट. ओठ शब्दाशब्दाला झोंबतोय. सेल्वनला मी काय सांगितलं तेही सांगते. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटतं फोन ठेवला त्यांनी, आणि ठेवला असता तर बरोबरच होतं.

"तुम्हालाही सांगितलं होतं त्यानं?" बाई म्हणतात.

"म्हणजे?" मी विचारते.

"मला आदल्या दिवशी म्हणाला. फोनवर. डावी खरी धरतो, आई, कुणाला बोलू नकोस." त्या श्वास घेतात. "मी बोलले नाही. चार गुणच तर राहिले होते. वर्षभर मला वाटतंय, जगात हे माहीत असलेली मी एकटीच. म्हणून तुम्हाला विचारत राहिले."

मी उशी मांडीवर घेऊन बसते. पलीकडे त्या रडतायत, इकडे मी. दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नाही.